अक्काच्या खोलीतला बल्ब

महादेवीअक्का फोनची पहिली घंटी पुरी होऊ द्यायची नाही. "हां, बोला," एवढंच म्हणायची, आणि पलीकडच्या माणसाला त्याच्या पहिल्या शब्दावर ओळखून मोकळी व्हायची. सोलापुरातल्या आमच्या सरकारी कचेरीत ती एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालची खोली, तिच्यात एक टेबल, फोनचा बोर्ड, खडखडणारा पंखा आणि अक्का. माढ्याहून, नातेपुत्याहून साहेबलोकांचे फोन यायचे. "साहेब, घसा बसलाय तुमचा. गरम पाणी घ्या. मोठे साहेब मीटिंगला बसल्यात, अर्ध्या तासानं लावा." पलीकडचा माणूस खूश होऊन फोन ठेवायचा. आपण ज्या बाईशी बोललो ती ठार आंधळी आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना ती निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

कळू द्यायचंच नाही, हा तिचा बाणा. समोर असलेल्या माणसापुढं ती स्वतःला सरळ आंधळी म्हणायची, त्यात तिला काही वाटत नसे. फोनवर मात्र कधीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "समोर आल्यावर लोकांना काठी दिसती. मग माज्याशी बोलायचं सोडून काठीशी बोलत्यात. फोनवर सगळी सारकीच की गं. कुणाला कोण दिसतंय?"

मी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या नोकरीचा दुसरा दिवस होता. मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं आणि साहेबांनी एक निरोप घेऊन जिन्याखाली पाठवलं. आंधळ्या माणसाशी कसं बोलायचं याची मला काडीची कल्पना नव्हती, म्हणून मी एकेक शब्द सुटा करून, ओरडून निरोप सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला. "बाई, डोळं गेल्यात. कान हायत जाग्यावर. नाव काय तुजं?" मी म्हटलं, सुमन. "सुमे, हळू बोलत जा. तुज्या आवाजानं पंखा बंद पडंल." मी लहानपणापासून तापट. कुणी असं बोललं की माझा पारा चढायला वेळ लागत नाही. त्या दिवशी मात्र हसले, आणि दुपारचा डबा तिच्या खोलीत घेऊन गेले. पुढं सव्वीस वर्षं माझा डबा तिथंच उघडला जायचा.

तिच्या कानांच्या गोष्टी कचेरीत अजून सांगतात. आमचे एक कॅशियर होते, बायको बाळंतपणाला गेल्यामुळं घरात एकटेच. त्यांनी एका सकाळी फोन केला, "आज येत नाही, साहेबांना सांगा." बस, एवढंच. अक्का काठी घेऊन जिना चढून थेट साहेबांच्या पुढ्यात उभी राहिली. "शिपाई पाटवा त्यांच्या घरी. जीभ जड हाय त्यांची." साहेबांनी कुरकुरत पाठवला. कॅशियर तापानं फणफणून दारातच पडले होते. ते बरे होऊन आले तेव्हा अक्काला पेढे घेऊन आले, आणि ती म्हणाली, "आता जीभ हलकी हाय. कामाला लागा."

तिच्या निरोपसमारंभाला माढ्याचे ते घसा बसलेले साहेब मुद्दाम आले होते. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलेलं, चांगलं चकचकीत कागदात गुंडाळून. समोर काळा चष्मा लावलेली बाई बघून त्यांना काय बोलावं सुचेना, घड्याळ नुसतं छातीशी धरून उभे राहिले. अक्का म्हणाली, "साहेब, आणलंय ते द्या की. टिकटिक ऐकू येतीय मगापासनं." सगळे हसले, साहेबांचे डोळे भरून आले. ते घड्याळ तिनं घरी कॉटच्या वर टांगलं होतं.

अक्का अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली. घरात कन्नड, शाळेत मराठी. चार वर्षांची असताना गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. अंधशाळेत ब्रेल शिकली, मग ऑपरेटरचा कोर्स केला आणि नोकरीला लागली. लग्न केलं नाही. "लगीन केलं असतं तर सासूनं भाकरी तपासली असती, गोल हाय का म्हणून. आता कुणी तपासत न्हाय, तरीबी गोल असतीय," असं म्हणायची, आणि ती खरंच गोल असायची. बाळीवेशीत तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. मीठ कुठल्या डब्यात, कुठली साडी कुठल्या घडीखाली, सगळं तिच्या बोटांना पाठ. एखादी वाटी चार बोटं सरकली तरी तिला कळायचं, आणि मग सरकवणाऱ्याची खैर नसे. माझ्यासारख्या पसारेवालीची तर दर भेटीला खरडपट्टी. "झाकण कुटं टाकलंस, सुमे? साकू बाई तुजी मदत." साकू म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

निवृत्तीनंतर तिला शुगरनं गाठलं. दोन वर्षांपूर्वी एकदा साखर एकदम खाली गेली, ती मोरीत पडली, शेजाऱ्यांना दार तोडावं लागलं. गावाकडून तिचा भाचा बसवराज धावत आला. "आत्या, बास झालं एकटं ऱ्हाणं. गावाकडं चल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, जीव होता त्याचा तिच्यावर. अक्कानं रडारड केली नाही, सौदा केला. "या खेपेला राहू दे. परत भरती व्हायची पाळी आली तर मी आपनहून गाडीत बसते." त्यानं मान्य केलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "बसू लई चांगला हाय. पण तितं मला पाण्याचा तांब्यासुदा कुणीतरी हातात देणार. हितं तुला मी चहा करून देते. एवढाच फरक हाय, सुमे, पण मला तेवढाच पायजे." तेव्हापासून तिचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकलेला: भरती व्हायचं नाही, म्हणजे घर सुटायचं नाही.

औषधपाण्याला ती चुकत नसे. दवाखान्याचं नाव काढलं की मात्र कपाळाला आठी. सोबत मीच जायची, म्हणून मला कारण ठाऊक आहे. डॉक्टर माझ्याकडं बघून विचारायचे, "यांची भूक कशी आहे?" अक्का म्हणायची, "साहेब, आजारी मी हाय. ही नुसती बसलीय." डॉक्टर हसायचे आणि पुढचा प्रश्न परत मलाच विचारायचे. आणि खरं सांगते, मीही उत्तरं देऊन टाकायची, लवकर सुटका व्हावी म्हणून. बाहेर आल्यावर ती पायरीवर थांबून विचारायची, "काय म्हणाला गं माज्याबद्दल?" शेजारच्याच खुर्चीत बसलेली असून असं विचारायची, मला टोचायला.

अशात तिच्या अंध मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एका डॉक्टरच्या ॲपची माहिती टाकली. घरबसल्या मोबाइलवर डॉक्टर. अक्काच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक बाईचा आवाज होता, त्याला ती 'माजी बाई' म्हणायची. ही बाई इतक्या वेगात बोलायची की मला एक अक्षर कळत नसे, अक्काला सगळं कळायचं. पहिली भेट ठरली तेव्हा मी तिथंच होते, पण तिनं मला स्वयंपाकघरात पिटाळलं. नुसत्या आवाजावरची भेट होती ती. कुठल्याशा गावची डॉक्टरीण, मराठी बोलणारी. संपल्यावर अक्का आत आली, चेहरा नुसता फुललेला. "अकरा मिनिटं बोलली, सुमे. माज्याशी. भाकरी किती खाता, कवा खाता, झोप लागती का. बाजूला कोण हाय म्हणून एकदाबी विचारलं न्हाय."

"तुला दिसत नाही हे सांगितलंस का?" मी विचारलं.

"का सांगू? सांगितलं की म्हणणार, घरात डोळेवालं कोण हाय, त्यांना द्या फोन. शुगर काय डोळ्यात मोजत्यात व्हय?"

तिचं म्हणणं मला पटलं होतं, आणि एवढं सगळं होऊनही अजून निम्मं पटतं.

वर्षभर ते छान चाललं. मग ॲप बदललं. एका सकाळी तिची बाई नुसतं "बटन, बटन, बटन" म्हणायला लागली. आम्हा डोळेवाल्यांना तिथं कॅमेऱ्याचं, माइकचं चित्र दिसत होतं. त्या चित्रांना नावं लावायला मात्र कुणीतरी विसरलं होतं, त्यामुळं बाई तरी काय वाचणार? अक्का भडकली. "मूल झालं की बाराव्या दिवशी नाव ठिवत्यात. ह्यांनी एवढी बटनं जन्माला घातली, आणि बारसं कुणी करायचं, मी?" शेवटी तिनंच केलं. माझ्याकडून एकेक बटन विचारून घेतलं आणि पाठ केलं. खालून तिसरं कॅमेऱ्याचं, चौथं माइकचं, सगळ्यात खालचं लाल ते भेट संपवायचं. दोन दिवसांत तिचं बोट चुकेनासं झालं.

यंदाच्या चैत्रात तिनं गच्चीवर सांडगे घातले. वाळवणात चप्पल घालून जायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. खायच्या जिनसांत पायताण कसं न्यायचं? म्हणून अक्का अनवाणी गेली. सोलापूरचं ऊन, दुपारचे बारा, तापलेली फरशी, आणि ही बाई हातानं चाचपत एकेक सांडगा उलटत पाऊण तास तिथं फिरली. पायांना काही जाणवलं नाही. शुगरनं तिच्या तळव्यांची जाणीव कधीच नेली होती, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. संध्याकाळी पाय धुताना हाताच्या बोटांना फोड लागला. पायाला तोवरही काही कळलेलं नव्हतं.

पाच-सहा दिवसांनी मी तिच्याकडं गेले ती उभ्या उभ्या. माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. फॉल-पिकोला टाकलेली साडी दुकान जेवणासाठी बंद व्हायच्या आत आणायची होती, आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून ठेवली होती. अक्काला आमच्या झाडाची लिंबं द्यायची आणि निघायचं, एवढंच काम. उन्हाच्या झळांसाठी तिनं खिडक्या लावून घेतलेल्या, सोलापुरात सगळेच लावतात. ती कॉटवर बसली होती. "बरं झालं आलीस, सुमे. माज्या पायाला फोड हाय, फुटलाय. एवढं बोटांना कळतंय. त्याचा रंग कसला हाय ते बोटांना कळत न्हाय. आणि मला वास येतोय. जरा बग, आणि दिसतंय तसं सांग." तिनं पाय पुढं केला.

मी बघितलं नाही. हे लिहायचंच असं ठरवून बसले आहे, म्हणून सरळ लिहिते. भगभगीत उन्हातून आत आले होते, डोळ्यांपुढं नुसता काळोख, आणि नजर सरावेपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. मी म्हटलं, "काही नाही गं, जरासं लाल आहे. हळद लाव, बसेल." अक्कानं पुढं केलेला पाय मागं घेतला. मग म्हणाली, "बरं. जा तू. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय." अक्का कुठलीही गोष्ट एकदाच मागायची, दुसऱ्यांदा तिच्या तोंडून शब्द निघत नसे. मी गेले. साडी वेळेत मिळाली.

दुसऱ्याच दिवशी तिनं ॲपवर भेट ठरवली. जखम म्हटल्यावर नुसत्या आवाजावर भागेना, कॅमेऱ्यातून दाखवणं भाग होतं. तिनं धुतलेली साडी नेसली, केस विंचरले, तोंडाला पावडर लावली, पाय स्टुलावर ठेवला. खिडकी उघडली तर झळा येतात, म्हणून दिव्याचं बटन दाबलं. डोळेवाल्यांना उजेड लागतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मग खालून तिसरं बटन दाबून ती डॉक्टरची वाट बघत बसली.

पुढचं तिनं मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. म्हणाला, कॅमेरा चालू करा. ती म्हणाली, चालू हाय. तो म्हणाला, सगळं काळं दिसतंय, बोट आलंय का कॅमेऱ्यावर? तिनं पदरानं काच पुसली. काळंच. बटन बंद करून परत चालू केलं. काळंच. दहा मिनिटं संपली आणि तिच्या बाईनं वाचून दाखवलं: रुग्ण कॅमेऱ्यासमोर उपस्थित नाही.

"मी हुते की गं तितं," अक्का म्हणाली. "पाय स्टुलावर ठिवून हुते."

"अगं, दिसत नाही मला, एवढं त्याला सांगून टाकायचंस ना," मी चिडले.

"सांगितल्यावर काय, कॅमेरा नीट झाला असता?"

"मग मोबाइलच बिघडलाय," मी ठरवून टाकलं. मला एखादी गोष्ट समजत नसली की मी ती ठरवून टाकते, हा माझा जुना दोष.

नव्या पेठेतल्या दुकानात मीच तो मोबाइल घेऊन गेले. दुकानदाराच्या घरी लग्न होतं, त्यानं चार दिवस ठेवून घेतला. पाचव्या दिवशी दुकानातल्या झगझगीत ट्यूबलाइटखाली त्यानं माझाच फोटो काढून मला दाखवला. "कॅमेरा एक नंबर हाय, मावशी. काय बिघाड न्हाय." मी मोबाइल अक्काला पोचवला, तोही दारातूनच. दुसरी भेट झाली, पुन्हा काळं. तिसऱ्या भेटीला वेगळाच डॉक्टर. तो म्हणाला, "आजी, घरातल्या कुणाला तरी बोलवा, तुम्हाला हे जमत नाही." अक्कानं खालचं लाल बटन दाबून स्वतःच भेट संपवली. तीन वेळा उपस्थित न राहिल्यामुळं आठ दिवस नवी भेट मिळणार नाही, असं तिच्या बाईनं वाचून दाखवलं.

मोबाइल परत मिळाल्यावरच्या दिवसांत मी दोनदा म्हटलं, चल दवाखान्यात. पण कसं म्हटलं? फोनवर, भाजी निवडता निवडता. ती म्हणायची, "दवाखान्यात गेलं की ते भरती करणार. भरती केलं की बसूला बोलावणार. आदी एक डॉक्टर काय म्हणतोय ते तरी मला ऐकू दे." भीती होती ती. इतक्या वर्षांत मी तिच्या आवाजात भीती ऐकली नव्हती, त्यामुळं ऐकू आली तेव्हा मी तिला हट्ट समजले आणि मनातल्या मनात रागावले.

तिसऱ्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. या खेपेला मला कुठं जायचं नव्हतं. उन्हातून आत पाऊल टाकलं, काही दिसेना, आणि कॉटचा कोपरा नडगीवर असा बसला की कळ मस्तकात गेली. तोंडातून निघून गेलं, "काय गं हा अंधार, अक्का. दिवा तरी लाव."

"लावलाय की," अक्का म्हणाली. "तुज्या पावलांचा आवाज आला, लगीच बटन दाबलं."

मी चाचपडत बटनापाशी गेले. बटन खाली होतं. वर केलं, परत खाली केलं. काही नाही. "अक्का, बल्ब गेलाय."

"कवा?"

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. संक्रांतीला मी संध्याकाळी तिळगूळ घेऊन आले होते तेव्हाही ती खोली अशीच होती. नंतरही कितीदा तरी त्या अंधारात बसून मी चहा प्यायले. मला वाटायचं, आंधळ्या बाईचं घर, ती कशाला दिवा लावेल? आणि तिच्यापुढं दिव्याचा विषय काढला तर तिला लागेल, असा माझा समजूतदारपणा. शेजारणी अशाच समजूतदार, बसवराजही तसाच. बल्ब गेलाय, हे दोन शब्द आमच्यापैकी एकानंही तिला सांगितले नाहीत.

"संक्रांतीपासून तरी," मी म्हटलं.

अक्कानं बोटांवर एक, दोन, तीन मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे मी तिन्ही येळेला अंधारात पाय धरून बसले, आणि त्यांनाच विचारत हुते, आता दिसतंय का." आणि हसली. ते हसणं मला सोसवलं नाही.

मी खिडकी उघडली. ऊन आत आलं आणि मी तो पाय पहिल्यांदा बघितला. टाचेपासून करंगळीपर्यंत तळवा काळा पडला होता, वर घोट्यापर्यंत सूज, आणि कडेनं हळद वाळून बसली होती. मी सांगितलेली हळद.

"कसला रंग हाय?" तिनं विचारलं.

"काळा."

"खरं सांगतीस?"

"खरं सांगते, अक्का."

"मग चल," ती म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

दवाखान्यात त्यांनी लगेच भरती केलं. सर्जननं पाय बघितला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "यांना सांगा, घोट्याच्या वरून काढावा लागेल. आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर बहुतेक पाय वाचला असता." मी म्हटलं, "डॉक्टर, त्या इथंच आहेत. त्यांनाच सांगा." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले, आणि तेही कधी, तर पाय जायची वेळ आल्यावर. माणूस चांगला होता. स्टूल ओढून तिच्याजवळ बसला आणि सगळं परत, नीट, तिला सांगितलं. संमतीचा कागद आला तेव्हा नर्सनं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला. अक्का म्हणाली, "मी सही करते. एकतीस वर्षं हजेरीपटावर केलीय. रेघ कुटं हाय तितं माजं बोट ठिवा. आणि त्यात काय लिव्हलंय ते आदी वाचून दाखवा, सगळं." सर्जननं दोन्ही पानं वाचली. मध्ये एकदा थांबले तर ती म्हणाली, "हां, पुढं?" मग तिनं सही केली. बरोबर रेघेवर.

बसवराज आला. त्यानं बिचाऱ्यानं त्या सौद्याचं नावसुद्धा काढलं नाही. टाके निघाले त्या दिवशी अक्काच म्हणाली, "बसू, गाडी कवा आणतोस?" दोन खोल्यांचा संसार आवरायला दोन दिवस लागले. ती कॉटवर बसून सांगायची, मी भरायची. कुठल्या डब्याला कुठलं झाकण ते ती अजूनही मला रागावून सांगत होती, आणि ते सगळे डबे आता जाणार होते शेजारणींकडं. बल्ब मी बदलला होता. खोलीत लख्ख उजेड पडायचा आणि मला तो नकोसा व्हायचा.

बसवराजनं मला बाजूला घेतलं. "मावशी, आत्याला जेवायला काय काय चालतंय? गोळ्या कवा कवा द्यायच्या?" मी जरा जोरातच म्हटलं, "तिला विचार. गोळ्या ती स्वतः घेते." तो ओशाळला, पण गेला आणि तिच्यापुढं बसून सगळं विचारून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी तो सामान गाडीत चढवत होता, आणि खोलीत आम्ही दोघीच होतो. मला कितीतरी दिवस अन्न गोड लागत नव्हतं. आता नाही बोललं तर जन्मभर बोलणार नाही, हे कळत होतं. मी तिच्या कॉटपाशी जमिनीवर बसले. "अक्का, एक सांगायचंय. तुझा फोड लाल आहे म्हणून मी सांगितलं ना, त्या दिवशी मी तुझा पाय बघितलाच नव्हता."

"म्हाईत हाय की," अक्का म्हणाली.

"कसं?"

"तुजा आवाज वरनंच आला. पाय बगायचा तर वाकावं लागतंय, सुमे. तू वाकलीच न्हाईस."

मला रडू आवरेना. "मग तेव्हाच का नाही बोललीस? परत बघ म्हणायचंस. चार शिव्या घालायच्यास मला."

तिनं चाचपून माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "तुजी रिक्षा थांबली हुती की गं."

बसवराज आत आला. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि गाडीत नेऊन बसवलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात उभी होते. रिक्षावाला थांबला असता. पाच मिनिटं थांबशील का, एवढं मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.